वरपक्ष नसलेलं लग्न

आमच्या सानिकाताईच्या लग्नात सगळं होतं, फक्त वरपक्ष नव्हता.

त्यात कुणाची चूक नव्हती. ताईचं लग्न अदितीशी होतं, आणि नवऱ्या दोघी असल्या की नवरदेवाला जागा उरत नाही! ताई माझी मावसबहीण, एडिसन गावची. अदिती देशमुख नेपरव्हिलची. दोघी भेटल्या पिट्सबर्गच्या एका सार्वजनिक बागेत, म्हणून लग्नही तिथेच ठरलं.

"डेस्टिनेशन वेडिंग म्हणजे गोवा, उदयपूर," मावशी फोनवर म्हणाली. "लोक बनियनवर पळायला येतात तिथे कसलं लग्न?"

"मॉम, इट्स अवर प्लेस!" ताई म्हणाली. विषय संपला.

पिट्सबर्गमध्ये राहणारा आमच्यातला मी एकटाच. शिवाय आमच्या जतच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला सगळं येतं असा सगळ्यांचा समज आहे. (मी काँक्रीटला भेगा का पडतात ते शिकतो. लग्नं आमच्या अभ्यासक्रमात नाहीत.) नाही कसं म्हणायचं ते मला कळेना, म्हणून व्यवस्था माझ्याकडे आली. भीत भीत मी बागेची परवानगी काढली. तळ्याकाठचं लॉन बारा वाजेपर्यंत आमचं. त्यानंतर तिथे कुणाचा तरी वाढदिवस होता.

मावशीला हे लग्न पचायला दोन हिवाळे लागले होते. पण पचल्यावर मात्र तिने पदर खोचला.

"मला एवढंच सांग, आपण मुलीकडचे ना?"

"हो मावशी, मुलीकडचेच."

"मग स्वागत आपण करायचं. फाटकात उभं राहून वऱ्हाडाला मानाने आत आणायचं, त्याआधी आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या लेकीच्या लग्नात कुणी नावं ठेवता कामा नये!"

त्याच संध्याकाळी अदितीच्या बाबांचा, देशमुखकाकांचा फोन. "काय रे, आम्ही मुलीकडचे, बरोबर?"

"अगदी बरोबर, काका."

दोघांनाही मी खरं तेच सांगितलं होतं. वर स्वतःवर खूशही झालो. दोन्हीकडे मुलीकडचेच, म्हणजे रुसून बसणारं कुणी नाही! किती सोपं लग्न!

लग्नाच्या सकाळी मावशी आणि मंडळी पूर्वेच्या फाटकात उभी राहिली. आरतीचं ताट, गुलाबदाणी, पेढे. देशमुख मंडळी पश्चिमेच्या फाटकात. आरतीचं ताट, गुलाबदाणी, पेढे. आत लॉनवर ताई, अदिती आणि गुरुजी (एरवी ते डेटाबेस सांभाळतात).

"अरे, वऱ्हाड कुठवर आलं?" मावशीचा फोन.

"वऱ्हाडाचा पत्ता नाही रे!" देशमुखकाकांचा फोन.

मी मावशीकडे धावलो. "मावशी, ते त्या फाटकात स्वागतालाच उभे आहेत. तू आत चल ना."

"वऱ्हाडाआधी? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे सगळे आपलेच आहेत!"

"आपलेच जास्त बोलतात."

एवढ्यात एक घामाघूम माणूस पळत फाटकातून आत आला. मावशीला राहवेना. तिने त्याला कुंकू लावलं, पेढा दिला. तो 'थँक यू' म्हणून पेढा चघळत पळाला. तिकडे देशमुखकाकांनी एका सायकलवाल्याच्या हातात नारळ ठेवला होता.

मग ताईचा फोन आला. "बारा वाजत आले! सगळे कुठे आहेत? आई नसेल तर मी हार घालणार नाही, सांगून ठेवते."

तेव्हा मी डोकं चालवलं. (इथेच घात झाला.) दोन्हीकडे एकच निरोप पाठवला: 'वऱ्हाड समोरच्या फाटकात आलंय, पळा!' माझा हिशोब असा, की दोघं धावतील आणि मध्ये लॉनवर एकमेकांना भेटतील. धावले दोघंही. पण एक मंडळी तळ्याच्या पलीकडच्या काठाने गेली, दुसरी लॉनमागच्या झाडीतून! मावशी पश्चिमेला पोचली, देशमुख पूर्वेला. पुन्हा ताटं सरसावून उभे!

"अरे, इथे तर कुणीच नाही!" माझ्या दोन्ही कानांत एकदम.

बारा वाजले. आणि पश्चिमेच्या फाटकातून खरोखरच वऱ्हाड आलं. फुगे, टोप्या, केक, आणि सगळ्यांत पुढे गळ्यात बो बांधलेला एक लठ्ठ लॅब्राडोर. वाढदिवस त्याचा होता. नाव बर्नी.

"आले एकदाचे!" मावशी म्हणाली.

"मावशी, ही कुत्र्याच्या बर्थडेची माणसं आहेत!"

"असू देत. फाटकातून आली ना? तांब्या दे इकडे."

मावशीने बर्नीचे पाय धुतले. चारही! कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. बर्नीच्या मालकीणबाई, एक गोऱ्या आजी, डोळे पुसत म्हणाल्या, "त्याचं इतकं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं." मग वाजतगाजत सगळे लॉनवर. गलका ऐकून देशमुख मंडळी धावत आली. "वऱ्हाड आलं!" म्हणून त्यांनी बर्नीला पुन्हा ओवाळलं.

लॉन आता कायद्याने बर्नीचं होतं. मी आजींची चाचरत माफी मागितली, अजून थोडा वेळ मिळेल का विचारलं. "बर्नीला लग्न आवडेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंतरपाटाचं एक टोक धरलंसुद्धा! ताईने हार घातला, तेव्हा मावशी रडली, देशमुखकाका रडले. बर्नी केककडे बघून रडला.

जेवताना पुन्हा अडलं. मुलीकडचे आधी कसे जेवणार? शेवटी पहिली पुरी बर्नीने खाल्ली आणि पंगत सुरू झाली. अशा एकूण नऊ-दहा पुऱ्या त्याने मानाने स्वीकारल्या.

वरपक्षाला काय हवं-नको ते मुलीकडच्यांनीच बघायचं असतं. ग्रुप फोटोत सगळे बर्नीभोवती दात काढून उभे आहेत. बर्नीच्या मागे, त्या पुऱ्यांचा परिणाम छोट्या काळ्या पिशवीत उचलायला वाकलेला जो दिसतो, तो या लग्नाचा मुख्य व्यवस्थापक!