मावशीची गाडी चढ चढेना

मावशी गाडीखाली झोपून सायलेन्सरवर रबरी हातोडा मारत होती आणि वर मागच्या सीटवर तिचे यजमान, आमचे काका, सुजलेल्या तोंडानं बसले होते. परवाचं डायलिसिस हुकलं होतं. हॉस्पिटल चढावर, आणि गाडीनं अर्ध्या चढावरच मान टाकलेली; ढकलत मावशीच्या गॅरेजात परत आणली होती. आजचंही हुकलं तर काय, ते कोणी तोंडातून काढत नव्हतं.

मावशीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. फरक शून्य. भाड्याची गाडी मिळेना. काकांना माझ्या स्कूटरवर बसवून बघितलं, तर ते एका बाजूला कलंडायलाच लागले.

शेजारचा वायरमन दारात येऊन म्हणाला, "मावशी, म्हातारी झाली ती गाडी. भंगारात घाला."

"आधी तुला घालते," मी म्हटलं. माझ्या मावशीला कोणी बोललेलं मला खपत नाही. मी शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी तोंड फिरवलं, हिनं हातात पाना दिला.

"भांडू नकोस गं. रेस दे!" खालून मावशी ओरडली.

मी रेस दिली. इंजिन घुसमटल्यासारखं गुरगुरलं. मावशीनं मागं सरकून सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी हात धरला.

"अगं, फुंकरसुद्धा येत नाही. धूर जातोय कुठं?"

मग तीच म्हणाली, "कॅट तुंबलाय."

कॅट म्हणजे धुराच्या वाटेवरचा डबा. आत बारीक जाळी असते, ती धूर साफ करते. ती वितळून बसली की इंजिनाचं नाकतोंड दाबल्यासारखं होतं.

"नवा कधी मिळेल?" काकांनी मला विचारलं.

मावशी पुन्हा गाडीखाली सरकली. डब्याच्या अलीकडे पाईपात एक सेन्सर असतो, तो तिनं पान्यानं काढून टाकला. तिथं भोक पडलं, धुराला डब्याआधीच वाट मिळाली.

"आता रेस दे."

गाडीनं अशी डरकाळी फोडली की वायरमन पळाला.

"अशीच न्यायची?" मी विचारलं.

"मग काय पाठीवर नेऊ? काचा उघड सगळ्या, धूर आत येईल."

चढावर कानठळ्या बसत होत्या. मावशी स्टिअरिंगला पुटपुटत होती, "चल गं बाई, चल." काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मधे एकदा गाडी मंदावली. मावशीनं शिवी हासडली. गाडी पुढं सरकली.

हॉस्पिटलात नर्स म्हणाली, "किती उशीर!" पण घेतलं त्यांना आत. मावशी पायरीवर बसली. मी उठवायला गेले, तर मला हात लावू देईना.

बऱ्याच दिवसांनी काकांनी मला एकटीला सांगितलं. कॅट बिघडायला लागला की गाडीत सडक्या अंड्याचा वास येतो. मावशीचं नाक पेट्रोलनं कधीच मेलंय, तिला कळलंच नाही. काकांना मात्र तो कितीतरी महिने येत होता. त्यांना वाटायचं, हा आपल्याच तोंडाचा वास, आपण आतून सडतोय. म्हणून ते गाडीत मावशीशी बोलायचेच नाहीत.