थोरलीच्या मापाचा स्वेटर

लोकर घेताना मी आधी एक धागा जाळून बघते. खरी असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली लोकर वितळते आणि टोकाला कडक मणी धरते. दुकानदारांना हे आवडत नाही. नांदेडला माझं माहेर. तिथले लोकरवाले चाचा मला लांबून बघून नोकराला सांगायचे, "काडेपेटी लपव, आपा आली दुकान पेटवायला."

लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं तशी आमच्या गल्लीत घरोघर मुली राहायला आल्या. मीही माडीवरची खोली दिली. तिथे आलेली मुलगी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावातली होती. अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. तिची एक खोड होती. आईने नावाने हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची, मग ओ द्यायची.

"मागं कोण हाय गं?" मी एकदा विचारलं.

"ताई असती ना," ती म्हणाली आणि हसली.

मग तिनेच सांगितलं. थोरली बहीण भूकंपात गेली, सहा वर्षांची होती. त्यानंतर ही झाली, आणि हिचं नाव तेच ठेवलं. आमच्याकडे असं करतात, गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला देतात. मला ते पटत नाही. पण मला कोण विचारतंय?

मी लोकांचे स्वेटर विणून देते हे तिच्या आईला कळलं होतं. थंडी सुरू झाली आणि ती आली. पिशवीतून एक लहान जांभळा स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला. थोरलीसाठी तिने स्वतः विणलेला. पडलेल्या घरातून चेपलेली पेटी काढली, तिच्यात तो सापडला होता.

"हा उसवा, मावशी, आन् नवी लोकर घालून मोठा करा. ही इथं एकटी ऱ्हाते. तेवढीच ती संगं राहील."

मुलगी म्हणाली, "सहा वर्षांची असताना मला पण हाच घातला होता. आई म्हणायची, बघा, हुबेहूब तीच."

मी टेप घेऊन मुलीची छाती मोजली. आई म्हणाली, "सैल धरा जरा. आता मोठी बाई झाली आसंल ती."

"कोण?"

"थोरली."

मुलगी हात पसरून उभी होती, तशीच राहिली. "आई, मी सतरा वर्षांची हाय."

"तू हाईस. तिचं वय थांबलंय का?" आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, दुधाचा भाव सांगावा तशी.

मी सवयीने स्वेटरच्या आतला एक धागा कापला आणि काडी लावली. वास आला. ती बाई नाकाला पदर लावून झटकन दारात गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. भूकंपानंतरच्या चितांचा तो वास तिच्या गावाने किती घेतला असेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. लोकर खरी होती.

विणलेलं कापड जिथे संपवलं तिथूनच उसवतं, गळ्याकडून खाली. सुरुवातीकडून ओढलं तर गुंता होतो. म्हणून उसवताना विणणारीच्या मागच्या पावलांनी चालावं लागतं. कुठे तिचा हात सैल पडला, कुठे आवळला, सगळं कळतं. एका बाहीवर हात फार आवळलेला होता. धागा सुटताना कुरकुर वाजायचा, आणि लहान पोर दात खातं तसंच वाटायचं.

उसवलेल्या धाग्याला वळ राहतात. त्याची लडी करून रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, सावलीत टांगायची आणि खाली पाण्याने भरलेला तांब्या अडकवायचा. ओझ्याने वळ जातात. मी लडी भिजवली तर पाणी मातकट झालं. बदललं, पुन्हा मातकट. परत बदललं. टबाच्या बुडाशी, जुन्या घरांच्या भिंतींना असते तशी पांढरी माती बसत राहिली. एवढ्या लोकरीत एवढी माती मावते कुठे?

मुलगी क्लासवरून आली आणि टबापाशी बसली. तिने मातीत बोट घातलं. "आमचं जुनं गाव," ती म्हणाली. "मी बघितलंच न्हाई. तिकडं काटे माजलेत, आई जाऊ देत न्हाई."

लडी वाळली, सरळ झाली. संध्याकाळी बघते तर वळ परत आलेले. पुन्हा भिजवली, जड तांब्या लावला. चांगली लोकर दुसऱ्या पाण्याला सरळ होते. ही झाली नाही. बाह्यांचे, गळ्याचे वळ तसेच धरून बसली.

जोडीची लोकर आणायला मी नांदेडला गेले. चाचांनी नमुना उजेडात धरला. "आपा, हा रंग आता येत न्हाई. हे रंगवणारे गेले." मी करड्या रंगाची घेतली. जुनी खरी असेल तर नवीही खरीच घ्यावी. नकली मिसळली तर पहिल्याच धुण्यात एक आटते, दुसरी आटत नाही, आणि कापड चुण्या धरतं.

सुया हातात घेतल्या तेव्हा मुलगी जिन्यात येऊन बसली. "आजी, माझ्या मापाचा करा ना."

"तुझी आई सैल म्हणाली."

"सैल केला तर ती मावंल त्यात. मग मी कुठं जाऊ? आईला वाटतं परीक्षा पण तीच देणार हाय."

तिचे हात थंडगार होते. मी तिच्याच मापाने टाके घातले. जांभळी लोकर पुढच्या भागालाच संपेल असा माझा अंदाज होता. पाठ झाली तरी गोळा होता. वळाची लोकर ताणली की लांबते, हे मला माहीत आहे. तरी एवढी लांबत नाही. करडी फक्त बाह्यांना लागली.

रविवारी आई आली. मुलीने स्वेटर घातला. खांदे बरोबर बसले, बाह्या मनगटावर थांबल्या. आईने सगळीकडून बघितलं, काखेत बोटं घालून बघितलं. कुठेच जागा शिल्लक नव्हती.

"ह्यो तर हिलाच झाला," ती म्हणाली.

"मग कुणाला व्हायला पाहिजे होता?" मुलीने विचारलं.

आईने तो मुलीच्या अंगातून काढला, लहान पोराचे कपडे काढतात तसा, हात वर करायला लावून. घडी घातली. "हिला दुसरा करा, मावशी. नव्या लोकरीचा. हिला पुसा कोणता रंग पायजे ते. हिला घेऊन जाते मी घरी."

शेवटचं 'हिला' तिने मांडीवरच्या घडीकडे बघून म्हटलं.

आम्ही दोघी आईला एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. ती खिडकी सोडून बसली आणि स्वेटरची घडी खिडकीपाशी ठेवली. कंडक्टर आला. खिडकी उघडी होती, मला स्पष्ट ऐकू आलं.

"एक फुल, एक हाफ."

"हाफ कुठंय, मावशी?"

"ही काय, खिडकीपाशी बसली."

कंडक्टरने तिकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन्ही तिकिटं काढून दिली.

माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "हाफ." मग जोराने श्वास सोडला. "चला आजी, मला क्लास हाय."