जित्या माणसावर माती

आज सकाळी कुंडीतल्या काळ्या मातीवर पाणी ओतलं आणि त्या वासासरशी अमरावतीच्या आमच्या कॉलेजचा हॉल डोळ्यांपुढे आला.

आम्ही एक ग्रीक शोकांतिका बसवत होतो. फितूर म्हणून मारल्या गेलेल्याला कुणी मूठमाती द्यायची नाही, असा राजाचा हुकूम. मेलेल्याची बहीण तो मोडते. राजा मी होतो. बहीण होती सुनंदा, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या फुलवाल्याची मुलगी. तालमीला आम्ही शेतातली खरी माती आणली होती. प्रेत झालेला मुलगा घामाघूम होऊन पडला होता. सुनंदाला घरी न्यायला आलेले तिचे वडील मागे बसले होते, अंगाला झेंडूचा वास.

तिनं मूठ उचलली तसे ते ओरडले, "थांब पोरी! जित्या माणसावर माती टाकू नोको!"

तिची मूठ हवेतच राहिली. "मंग बाबा, तुमी जित्या दादाच्या नावानं आंघोळ कावून केली?"

परजातीत लग्न केलं म्हणून बापानं मुलगा मेला असं समजून आंघोळ केली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढचं वाक्य राजाचं होतं, कायद्याचं. मला ते आठवेचना. मनात एवढंच आलं, काय हा हट्टी बाप!

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं तसंच लग्न केलं. मी आंघोळ केली नाही, शिकलेला आहे ना. फक्त तिचा नंबर ब्लॉक केला.

मघाशी मातीचे हात नळाखाली धरले आणि चटकन मागे घेतले. तशाच मातकट बोटांनी फोन शोधतोय.