तळहाताएवढा तुकडा

माझे भावोजी मटण आणि चिकन विकतात. सोबत मत मिळतं, ते फुकट. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर ताईचं घर आणि त्याच्या वर माझी कपडे शिवायची खोली, त्यामुळे त्यांची मतं जिन्यानं वर येत येत माझ्या मशीनपर्यंत पोचतात. वादात हरलेले भावोजी मी अजून पाहिलेले नाहीत. ते जिंकतात असं नाही, समोरचा दमतो.

गेल्या वर्षी जिना चढताना त्यांची छाती दाटून आली. तपासण्या झाल्या, रक्तात चरबी फार निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "मटण बंद. खायचंच तर चिकन खा."

दुसऱ्या एखाद्या घरात यावर एवढा गहजब झाला नसता. पण भावोजींचे थोरले भाऊ चोपन्नाव्या वर्षी याच दुकानात, मांस तोडायच्या ओंडक्यापाशी कोसळले होते आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले होते. भावोजींना आता त्रेपन्नावं चालू होतं. ताईनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "थोरल्यांसारखं मला बघायचं नाहीये. जाऊबाईंच्या कपाटात अजून त्यांचे शर्ट लटकतायत. मला तसं कपाट नकोय."

भावोजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून वकिली सुरू केली.

त्यांना साक्षीदारांची कमी नव्हती. आमच्या गल्लीत एक निवृत्त कारकून आहेत, त्यांना सगळे कात्रणवाले म्हणतात. ते पाव किलो खिमा घ्यायला येतात आणि अर्धा तास थांबतात. एका सोमवारी त्यांनी कात्रण आणलं, लाल मांस घातक. पुढच्या सोमवारी दुसरं आणलं, चिकनही काही कमी नाही. व्यायामशाळेचा मास्तर म्हणाला, "मालक, मांस सोडू नका, भात सोडा." त्यात ताईच्या अंगात रक्त कमी, म्हणून तिच्या डॉक्टरीण बाईंनी तिला कलेजी लिहून दिलेली. फ्रिजच्या दारावर दोन कागद शेजारी शेजारी चिकटवलेले होते. एक म्हणत होता मटण बंद, दुसरा म्हणत होता खा.

"मेहुणीबाई, तुम्हीच सांगा," भावोजी मला म्हणाले, "एक म्हणतो खा, एक म्हणतो खाऊ नको. आधी त्यांचं आपसात ठरू दे. तोपर्यंत मी जेवून घेतो."

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तुमच्याकडून शिकावं," मी म्हटलं. "फक्त तुमचं मन कायम पोटातच का असतं?"

ते खदाखदा हसले. मला वाटायचं, हा सगळा जिभेचा हट्ट आहे. माझा अंदाज साफ चुकला होता, पण ते कळायला वेळ लागला.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं दोन महिने चाललं. शेवटी ताईनं त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई वयानं भावोजींच्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून दिलं, मटण आठवड्यातून एकदा, चिकन किंवा मासे दोनदा, प्रत्येक वेळी तळहाताएवढा एकच तुकडा. बाकी ताट डाळी-भाज्यांनी भरायचं. भावोजी घरी आले ते खूश होऊन. "बाई शहाणी आहे," म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पण खरं सांगते, त्यांनी लबाडी केली नाही. तीन महिन्यांत एकाही आठवड्यात चौथ्यांदा मांस म्हणून घेतलं नाही. कात्रणवाल्यांनासुद्धा ऐकवायचे, "शिस्त लागते, शिस्त!" आणि तरी तीन महिन्यांनी वजन दोन किलोनं वाढलं, आणि गोळ्या चालू असून रक्तातली चरबी जागची हलली नाही. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. या वेळी बाईंकडे मीही बरोबर गेले, काम सोडून तशीच, मोजायचा टेप गळ्यात घेऊन.

बाईंनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "तुकडा केवढा घेता? जरा दाखवा बरं."

भावोजींनी टेबलावर पंजा ठेवला. तीस वर्षं सुरा चालवलेला हात तो. बाईंच्या पुढ्यातला रिपोर्ट त्याखाली दिसेनासा झाला.

"बोटांसकट?" बाईंनी विचारलं.

"मग हात म्हणजे काय, बोटं सोडून? मटणावर हात ठेवतो आणि कडेनं सुरा फिरवतो. एक सूत इकडे-तिकडे नाही."

मी गळ्यातला टेप काढून मोजलं. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत साडेआठ इंच भरलं.

"आणि जाडी?"

"जाडी तुम्ही लिहिली नव्हती," भावोजी म्हणाले. "मग मी मनगटाएवढी धरली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी हसले, बाई हसल्या, ताईसुद्धा डोळे पुसत हसली. बाईंनी ताईचा हात पुढे घेतला आणि तिच्या बोटांवर रुमाल टाकला. "एवढा. बोटं सोडून. आणि शिजवायच्या आधी चरबी काढून टाकायची."

चरबीचं नाव निघालं आणि भावोजी उसळले. "चरबी काढून काय राहतं? चोथा! आणि कोणाचं ऐकायचं आम्ही? रोज एक नवीन शास्त्र!"

"शास्त्र तेच आहे, माणसं वेगळी आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मास्तर घाम गाळणाऱ्या पोरांना सांगतो. यांच्या डॉक्टर रक्त कमी असलेल्या बाईला सांगतात. मी तुम्हाला सांगतेय, तुमचा रिपोर्ट बघून. नुसतं कोंबडी की बकरा यावर सगळं ठरत नाही. किती खाल्लं, कसं शिजवलं, ताटात आणखी काय होतं, हेही बघावं लागतं. तुमच्या प्रकृतीला ही चरबी चालणार नाही."

भावोजी आता काहीतरी टोला हाणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत बसले.

"दादाला मीच द्यायचो," ते म्हणाले.

कोणालाच कळलं नाही.

"रोज दुकान बंद करताना चांगला चरबीदार तुकडा दादासाठी बाजूला काढायचो. बारा वर्षं. गिऱ्हाइकानं कितीही मागितला तरी दिला नाही. आता तुमचं खरं धरलं, बाई, तर मग मीच..."

मला माझीच लाज वाटली. हा माणूस इतके महिने मटणासाठी भांडत नव्हता, आणि मी वर बसून टोमणे मारत होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते सिगारेट ओढायचे?"

"दिवसाला दोन पाकिटं."

"कधी तपासणी केली होती?"

"दादा? दवाखान्याच्या दारातनं परत यायचा."

"मग एका तुकड्यानं काय झालं, हे मी सांगू शकत नाही. दुसरंही कोणी सांगू शकणार नाही. कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका."

ताईनं आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "जाऊबाई मला काय सांगतात माहीत आहे? थोरले रोज पुडी हातात घेऊन दारातूनच ओरडायचे, माझ्या भावानं काढून ठेवलंय बघ! दिवसभर कितीही वैतागलेले असले तरी ती पुडी दाखवताना हसत असायचे. जाऊबाईंनी तुम्हाला कधी बोल लावला नाही, अहो. त्यांच्या मनातही नाही ते."

भावोजी रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावून पाहिलं, त्याचीही त्यांनी पर्वा केली नाही. ताईनं रुमाल दिला. त्यांनी तोंड पुसलं, खाकरून घसा साफ केला आणि टेबलावरचा कागद बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"आता जाडीही लिहा, बाई," ते म्हणाले. "नाहीतर मी पुन्हा माझ्या सोयीनं धरेन."