चुन्याच्या डोंगरात बुडालेली नदी

हेरंब तुळपुळे वाट कधी चुकत नसत. ते नवी वाट काढत. ठाकूरद्वारच्या त्यांच्या पायवाट मंडळात ही भाषा इतकी रुळली होती, की भलत्याच दरीत उतरून, अंगभर ओरखडे घेऊन आलेली माणसंसुद्धा घरी सांगायची, "काल काकांनी नवी वाट काढली." नलूताई लग्नापासून हे ऐकत आल्या होत्या. चेहरा जरासुद्धा न हलवता त्या पोळी लाटत राहायच्या आणि मनात म्हणायच्या, चुकला असणार मेला.

नलूताई मूळच्या लालबागच्या. मसाल्याच्या कांडपाचा खकाणा नाकात घेऊन वाढलेल्या. लग्न होऊन ठाकूरद्वारच्या वाडीत आल्या, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथे चालत गेल्या, चालत आल्या. पण ते चालणं हेरंबरावांच्या हिशेबी चालणं नव्हतंच. फुटपाथवर काय, गाईसुद्धा चालतात. डोंगरावर नलूताईंना त्यांनी कधी नेलं नाही. का, तर बायकांना चढता येतं, उतरता येत नाही. हा सिद्धांत त्यांनी कुठून आणला होता कोण जाणे. नलूताईंनी दर शनिवारी दशम्या बांधून द्यायच्या आणि रविवारी चिखलाचे कपडे धुवायचे, एवढाच त्यांच्या वाट्याचा सह्याद्री.

हेरंबरावांच्या तिरस्काराला मात्र सीमा नव्हती. दादरच्या दुकानातून महागडे बूट घेणारे त्यांना हसू आणत. हातात काठ्या घेऊन चालणारे म्हणजे तरुणपणीच म्हातारे झालेले. फोनवर नकाशा बघणारे तर त्यांच्या लेखी माणसांतच नव्हते. आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर कोण, तर गावात शिरून वाट विचारणारा. "वाट विचारायची असेल तर घरी बसावं," असं ते नाटकातलं पल्लेदार वाक्य टाकावं तसं टाकत आणि टाळीसाठी क्षणभर थांबत. टाळी नलूताईंकडून कधीच आली नाही.

त्यांचा मंत्र एकच होता. पाणी धर. दाट रान आलं, धुकं उतरलं, काही सुचेना झालं, की ओढा गाठायचा आणि त्याच्या कडेकडेने उतरायचं. पाणी खालीच जातं आणि खाली गाव असतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर हे बहुतेक वेळा खरं ठरलं होतं, म्हणून हेरंबरावांना वाटे की जगातल्या सगळ्या डोंगरांनी आपल्याशी तसा करार केलेला आहे.

मग मंडळाच्या जुन्या मेंबरांचे गुडघे एकेक करून गेले आणि चिटणीसपद परळच्या संघमित्रा गमरेकडे आलं. पस्तिशीची, बँकेत नोकरी करणारी मुलगी. तिने लालबागच्या हॉलमध्ये सभा घेतली आणि पडद्यावर फोटो दाखवले. मेघालयातले चुनखडीचे डोंगर, खोल दऱ्यांतून जाणाऱ्या नद्या, एक लहानसं गाव आणि त्या गावापासून निघणाऱ्या पायवाटा. नलूताई चिवड्याच्या बशा वाटायला आल्या होत्या. एका फोटोपाशी त्यांचा हात थांबला. डोंगराच्या पोटाला भलंमोठं भोक होतं आणि त्यातून अख्खी नदी बाहेर येत होती. हिरवीनिळी, थंड.

"ही नदी वरच्या दरीत जमिनीत जाते," संघमित्रा सांगत होती, "आणि डोंगराच्या पलीकडे अशी बाहेर येते. तिच्यापर्यंत जायला मात्र डोंगराचा खांदा ओलांडून, वरून वळसा घालावा लागतो."

हे अख्खा हॉल ऐकत होता. हेरंबराव ऐकत नव्हते. ते शेजारच्या अवधूत परबला सांगत होते, "चुनखडी म्हणजे काय डोंगर आहे का? ती भिंतीला लावायची वस्तू."

घरी आल्यावर नलूताईंनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं.

"मी येणारे."

"कुठे?"

"मेघालयात."

"आणि तुझा गुडघा?"

"तोही येणारे."

डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यात गुडघा बदलायला सांगितला होता. नंतर कसं चालता येईल ते नंतर बघू, असंही म्हणाले होते. पण आताचा गुडघा अजून आपला होता आणि डोंगरातून नदी बाहेर पडताना नलूताईंना याच गुडघ्यावर उभं राहून बघायची होती. आयुष्यात त्यांनी डोंगराकडे एवढंच मागितलं होतं. हेरंबराव हसले. पण संघमित्राने परस्पर नलूताईंचं नाव घातलं होतं.

गावात त्यांना वाट दाखवायला एक बाई मिळाली. चाळिशीची, पाठीला वेताची टोपली, तोंडात पान. सगळे तिला कॉंग म्हणत, म्हणजे ताई. निघण्याआधी तिने प्रत्येकाच्या हातावर पान, सुपारी आणि चुन्याचं बोट ठेवलं आणि मागच्या डोंगराकडे बोट दाखवलं. हा चुना तिथलाच. नलूताईंना आपली पान खाणारी आजी आठवली आणि त्यांनी विडा तोंडात टाकला. हेरंबरावांनी आपला विडा दगडावर ठेवून दिला.

"वाटाड्या," ते म्हणाले. "आता मला वाटाड्या."

सकाळभर वाट दरीतून जात होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पांढुरके, पावसाने खाऊन भोकं पाडलेले कडे. कॉंग नलूताईंच्या चालीने चालत होती, म्हणजे सावकाश, आणि हेरंबराव पुढे जाऊन, कंबरेवर हात ठेवून, सगळ्यांची वाट बघत होते. दुपारच्या सुमाराला फाटा आला. कॉंगने वर, डोंगराच्या खांद्याकडे हात केला. नदी मात्र सरळ खाली जात होती.

"हा उगाचचा वळसा," हेरंबराव म्हणाले. "नलू, तू माझ्याबरोबर चल. पाण्याने जाऊ. उतार आहे, गुडघ्याला सोपं. यांच्या आधी पोचू."

"काका, ती नदी पुढे..." संघमित्रा म्हणाली.

"मुली, तुझ्या जन्माच्या आधीपासून पाणी धरतोय मी."

नलूताईंना सगळं माहीत होतं. हॉलमधलं वाक्य कानात जसंच्या तसं होतं. तरी त्या नदीकडे वळल्या आणि त्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. तू माझ्याबरोबर चल, एवढे तीन शब्द त्यांनी संसारात पहिल्यांदाच ऐकले होते. लालबागची, खमकी, कुणाला न बधणारी बाई त्या तीन शब्दांवर पाघळली. संघमित्रा त्यांच्याकडे बघत राहिली. कॉंगने टोपली खांद्यावर नीट केली आणि ती वरच्या वाटेला लागली.

दगडांवरून बसत, घसरत दोघं खाली गेली. पाण्याचा आवाज वाढत होता आणि हेरंबराव खूश होते. मग आवाज बारीक झाला. पाणी एका कड्याच्या पायथ्याशी आलं, त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि खडकाखालच्या भोकात निघून गेलं. पुढे कोरडे दगड. नदी संपली होती.

हेरंबरावांनी खडकाच्या मागे वाकून बघितलं. पलंगाखाली मांजर शोधावी तसं.

नलूताई एका दगडावर बसल्या. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आता काय धरायचं?"

"ती पुढे कुठेतरी निघत असेल."

"निघते. डोंगराच्या पलीकडे. हॉलमध्ये दाखवलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

हेरंबराव कड्याकडे बघत राहिले. एखाद्या नटाने वाक्य विसरावं आणि विंगेतूनही काही येऊ नये, तसं त्यांचं झालं. नलूताईंना त्यांची कीव आली असती, पण गुडघा ठणकायला लागला होता. शिवाय कीव करायला समोर माणूस जरा पडलेला लागतो. हे अजून उभेच होते, कंबरेवर हात ठेवून.

चढून फाट्यावर यायला त्यांना उन्हं कलेपर्यंत वेळ लागला. तेव्हा बाकीची मंडळी ओल्या केसांनी, हसत, नदी बाहेर पडते त्या झऱ्याकडून परत येत होती. नलूताईंचा गुडघा सुजून भोपळा झालेला. कॉंगने तो दाबून बघितला, आभाळाकडे बघितलं आणि मान हलवली. आता झरा नाही.

"आम्ही नवी वाट काढली," हेरंबराव सगळ्यांना म्हणाले.

नलूताईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून पुढे करणाऱ्याकडे बघावं, तसं.

मुंबईला परतल्यावर लालबागच्या हॉलमध्ये पुन्हा सभा झाली. हेरंबरावांनी उठून नदीच्या गुप्त होण्यावर भाषण केलं. आपण मुद्दाम तो भाग बघायला गेलो होतो, असंही सांगून टाकलं. मागच्या खुर्चीवरून अवधूत परब हळूच म्हणाला, "काकानू, डोंगरान तुमका चुनो लायल्यान मां." हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्याने चिवड्याच्या बशांपाशी उभ्या नलूताई हसल्या, आणि हेरंबरावांनी ते ऐकलं.

उन्हाळ्यात गुडघा बदलला. पावसाळाभर नलूताई वाडीच्या जिन्यावर चढउतर करत राहिल्या. हिवाळ्यात त्यांनी पुन्हा मेघालयासाठी बॅग भरली. हेरंबराव दारात उभे होते. या खेपेला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि आपणहून नाव द्यायला त्यांचा स्वभाव आड आला होता. डोंगरावर गळ्यात अडकवायची आपली पितळी शिटी त्यांनी नलूताईंच्या पर्समध्ये टाकली. ही शिटी त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. नलूताईंनी ती काढून टाकली नाही. पण बघितलीही नाही.

झऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी बूट काढले, दादरच्या दुकानातले महागडे बूट, आणि पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं थंड होतं की आधी राग आला. डोंगराच्या तोंडातून नदी येत होती. वर जिथे ती बुडते, त्या खडकाची आठवण पुसून टाकत, न थांबता. कॉंग शेजारी बसून विडे लावत होती. तिने चुना जरा जास्तच लावला आणि नलूताईंची जीभ पोळली.

संध्याकाळी गावात फोन लागला.

"पोचलीस झऱ्यापर्यंत?"

"पोचले."

"वाट सापडली नीट?"

"न सापडायला काय झालं? विचारत विचारत गेले."

पलीकडे भांड्याचं झाकण खणखणलं. नलूताई फोन कानापासून काढणार, तेवढ्यात घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बरं," हेरंबराव म्हणाले, "तांदळाला पाणी किती घालायचं?"

नलूताईंनी आधी सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या. जन्मभर न विचारलेल्या माणसाला थोडं थांबायला लावायचा हक्क त्यांना होता.

"दुप्पट," मग त्या म्हणाल्या. "आणि आधी तांदूळ धुवा."