पुलांच्या बेरजेतून स्कॉटलंड

माझा साडू बोरिवलीला राहतो, मी मुलुंडला. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही दोघांनी सायकली घेतल्या. माझी साधी, स्टीलची. त्याची कार्बनची, आठ किलोची. हे आठ किलो तो लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगतो. स्वतःचे एक्क्याण्णव मात्र मला त्याच्या बायकोकडून कळले.

त्याची मुलगी तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्कॉटलंडला गेली आणि तिथे तिला डोंगरातल्या रस्त्यांवर सायकल चालवायचा नाद लागला. वायव्येकडे एक खिंड आहे. रस्ता समुद्रकाठी सुरू होतो आणि नऊएक किलोमीटरमध्ये सहाशे सव्वीस मीटर वर जातो. साडूने उत्साहात जाहीर केले की या उन्हाळ्यात आपण बाप-लेकीने ही खिंड चढायची. मुलगी फोनवर शांत होती.

"बाबा, तू पोहायला लागलास, सोडलंस. माझ्याबरोबर ट्रेकला आलास, अर्ध्यात टॅक्सी शोधायला लागलास. तिथे टॅक्सी नाही."

"अगं, पण आता मी सिरियस आहे ना."

"मग तिथेच कुठेतरी एक चढ निवड. तेवढ्याच उंचीचा. पाय जमिनीला न टेकता चढ. मावसा बघतील आणि मला सांगतील. मगच मी रजा टाकते."

साक्षीदार म्हणून तिने मला नेमले, कारण आकडा फुगवून सांगायची मला सवय नाही. साडूला आहे. तो हसत "डन" म्हणाला, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. मेव्हणी मला हळूच म्हणाली, "या वेळी याने सोडलं ना, तर ती परत कधी बोलावणार नाही. रागाने नाही. सवयीने."

मार्ग आखायचे काम माझ्याकडे आले. मी नकाशावर त्या खिंडीचा चढ किलोमीटरवार मांडला: सुरुवात बरी, मग वाढत वाढत शेवटी दर शंभर मीटरला वीस मीटर वर नेणारा भाग. साडूने तो लक्षपूर्वक पाहिला आणि विचारले, "वर नाश्त्याला काय मिळतं?"

"काही नाही. गाड्या लावायला जागा आहे आणि वारा आहे."

"मग लोक चढतात कशाला?"

हा प्रश्न त्याने गंमत म्हणून विचारला नव्हता. त्याच्या बोरिवलीच्या सायकल ग्रुपमध्ये रविवारचा मार्ग आधी नाश्ता ठरवून मग आखला जातो. ठाण्याची मिसळ म्हणजे घोडबंदर रोड, पार्ल्याचा डोसा म्हणजे हायवे. निघण्यापूर्वी अर्धा तास फोटो, पोहोचल्यावर पाऊण तास खाणे, आणि मधल्या वेळात जी चालवली जाते ती सायकल. एका सभासदाने एकदा न थांबता पुढे जाऊया असे सुचवले. नंतर तो दिसला नाही.

या मंडळींनी साडूला स्कॉटलंडचा उपाय काढून दिला. हायवेवरचा एक उड्डाणपूल सुमारे दहा मीटर उंच धरायचा. त्रेसष्ट पूल चढले की सहाशे तीस. म्हणजे खिंड झाली, वर चार मीटर शिल्लक. बोरिवली ते वांद्रे आणि परत, दोन रविवारांत काम फत्ते.

मी म्हटले, "अरे, पूल चढलास की उतरतोस. उतारावर पाय फिरवत नाहीस, पाणी पितोस, मागच्याशी गप्पा मारतोस. ही बेरीज होत नाही."

"वर चढलो ते चढलो. ते काय वजा होतं?"

"पाय फसत नाहीत या हिशोबाला."

"तू यार अकाउंटंटसारखा बोलतोस."

मी अकाउंटंटच आहे. पण मुद्दा तो नव्हता. मी त्याला नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या रस्त्यावर नेले. तो चढ शंभर-सव्वाशे मीटरच असेल, पण सलग आहे. साडू दोनदा चढला आणि तिसऱ्यांदा म्हणाला की झाडी तीच, माकडे तीच, फोटो तरी कसले काढायचे. ठाण्याला येऊरही झाले. तिथेही लगेच वर पोहोचता येते, आणि मुलीला हवा होता तो चढ त्याच्या पाचपट.

खरे तर तेवढ्या उंचीचा चढ त्याच्या घरी होता. साडूचे मूळ गाव सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट सुरू होतो त्याच्या पायथ्याशी आहे. गावातल्या त्याच्या अंगणापासून घाटमाथ्यापर्यंत जवळजवळ सहाशे मीटर. अंतर स्कॉटलंडच्या खिंडीपेक्षा जास्त, म्हणून चढ सौम्य. थंडी आणि वारा नाही. शेवटचा तो भिंतीसारखा भाग यातून साधणार नाही, हेही मी स्पष्ट सांगितले. पण मुलीच्या अटीत उंची होती, आणि उंची इथे होती. हा माणूस दर गणपतीला त्या घाटाखाली जाऊन मोदक खातो आणि चढ शोधायला विमानाने निघाला होता.

मी हे सांगितल्यावर तो सायकलची चेन पुसायला लागला. मग म्हणाला, "गावात सायकल नको."

"का?"

"तुला नाही कळणार. तू मुंबईतच वाढलास."

कारण त्याच्या बायकोने सांगितले. गावातून मुंबईला गेलेला माणूस परत येतो तो गाडीने. दर काही वर्षांनी गाडी मोठी होते आणि अंगणात सगळ्यांना दिसेल अशी उभी राहते. त्याच अंगणात हा सायकलवर दिसला तर विषय संपला.

जानेवारीत आम्ही गेलो. साडूने दोन्ही सायकली मागच्या सीटवर झोपवून वर चादर घातली होती. गाव ओलांडून, घाटाच्या पहिल्या वळणापलीकडे, कोणी नाही असे पाहून त्या बाहेर काढल्या. गाडी झाडाआड. सहा किलोमीटर तो खरोखर चांगला चढला. श्वास नीट, लय नीट. मी मागे होतो आणि मनात म्हटले, जमतेय.

सातव्याला त्याचे चुलत काका भेटले. आबा म्हणतात त्यांना सगळे. सत्तरी पार, स्कूटरवर, आंबोलीहून उतरत होते. त्यांनी स्कूटर आडवी घातली.

"काय रे? सायकलीन? गाडी खंय?"

"आबा, गाडी आसा. खाली लावलंय."

"इकलंस?"

"नाय ओ, इकूक कशाक? ह्यो व्यायाम."

आबांनी त्याच्या घामाकडे पाहिले, चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीकडे पाहिले, माझ्या जुन्या सायकलकडे पाहिले, आणि मान हलवली. तिथे साडूने पाय टेकले. खिशातून फोन काढून गाडीचे फोटो दाखवले. आबा म्हणाले, "फोटो सगळ्यांकडेच आसतत." पुढे चढायची त्याची ताकद त्या संभाषणात संपली. आम्ही उतरलो.

दुपारी गाडी अंगणात लावली तरी उपयोग झाला नाही. भाड्याची असेल, असे शेजाऱ्यांत ठरले. दिवेलागणीला आबा स्वतः आले. बरोबर तांदळाचे पोते आणि बारा नारळ. सायकलच्या किमतीत तसली वीस-पंचवीस पोती सहज आली असती.

"घे," ते साडूला म्हणाले. "दिवस येतत, जातत. लाज धरू नको. मी कोणाक सांगूचंय नाय."

सांगायला उरलेच कोण होते? साडूने नकार दिला असता तर म्हातारा दुखावला असता. त्याने पोते आत नेले. मग तो ओटीवर बसला आणि प्रथमच मला गंभीरपणे विचारले, "सातव्यानंतर चढ कसा आहे?"

मी सांगितले. कुठे वळण, कुठे सपाटी, कुठे गिअर उतरवायचा. त्याने नाश्त्याचे विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तो अंगणातून निघाला. चड्डी तीच, हेल्मेट तेच. विहिरीवर बायका होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. लपवायला काही राहिले नव्हते, म्हणून घाईही नव्हती. धबधब्याच्या वळणावर आबा थर्मास घेऊन उभे होते.

"वायच थांब मरे. चाय घे."

"उतरताना घेतंय, आबा," साडू म्हणाला आणि पेडल मारत राहिला. माझा पाय तिथे टेकला, कारण चहाला दोघांनीही नाही म्हणणे बरे दिसले नसते आणि माझ्यावर अट नव्हती. पण माझी नजर पुढच्या वळणांवर होती, आणि दोन घोट घेऊन मी त्याला गाठले. माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याने पाय टेकला नाही. वर तो सायकलवर वाकून बराच वेळ खोकत होता. फोटो काढायचा राहिला.

संध्याकाळी मुलीचा फोन माझ्याकडे आला. "मावसा, खरं सांगा."

"पहिल्या दिवशी सातव्या किलोमीटरला थांबला. दुसऱ्या दिवशी नाही. मी मध्ये चहाला थांबलो, तेव्हा तो काही मिनिटं पुढे होता, पण वळणं खालून दिसत होती. तेवढं सोडून सगळं डोळ्यांसमोर."

मग ती म्हणाली, "वाट लागली."

"म्हणजे?"

"मी ती खिंड दोनदा केली, मावसा. दोन्ही वेळा शेवटच्या भागात उतरून सायकल ढकलली. मला वाटलं, बाबा काही येत नाही." मग घाईने, "त्याला सांगू नका हां."

मी सांगितलेले नाही. रजा टाकली का, एवढेच विचारले. तिने टाकली होती. आता आठवड्यातून तीनदा, त्यात रविवारी सकाळीही, मी तिच्या सरावासाठी तिकडचे चढ निवडून पाठवतो, छोट्यापासून मोठ्याकडे, आणि साडू मला दर रविवारी विचारतो की हल्ली तू नाश्त्याला का येत नाहीस.