कौल मिळालेला अर्ज

घरात एक वकील हवा, हे मामंजींनी फणसावरून ठरवलं. फणस आमच्या आणि चुलतघराच्या मधल्या दगडी गडग्यावर उगवलेला. मूळ त्यांच्याकडे, फांद्या आमच्याकडे. त्यावर कोर्टात दावा चाललेला. निकाल लागेपर्यंत फळाला कुणी हात लावायचा नाही, म्हणून दरवर्षी फणस पिकून पडत आणि तिथेच कुजत. वास मात्र दोन्ही घरांना सारखा वाटून मिळे.

माझे यजमान बी. ए. होऊन वर्षभर घरी बसले होते. त्यांना स्वतःलाही वकिलीची हौस होती. कायद्याच्या कॉलेजात अजून पाऊल पडलं नव्हतं, पण सराव माझ्यावर सुरू झाला होता.

"आमटी खारट आहे. मीठ घालताना तुला कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"म्हणजे साक्षीदार नाही. मग मीठ एकदाच घातलंस कशावरून?"

मी मराठी चौथी शिकलेली आणि बोलायला बुजरी. असा प्रतिपक्ष कुठल्याही वकिलाला आवडावा. वडिलांसमोर मात्र ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

मुंबईहून कॉलेजचा फॉर्म आला. ह्यांनी तो भरला, मामंजींनी सही केली. पाकिटावर कॉलेजचा पत्ता आणि मागे आमच्या घरचा पत्ता लिहून होतो तोच शाईचा मोठा डाग पडला, म्हणून ह्यांनी दुसरं पाकीट घेतलं. डागाचं पाकीट मी ठेवून दिलं; चांगला कागद टाकवत नाही मला. चांगल्या पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं आणि ते देवघरात जाऊन बसलं. तिकीटसुद्धा कौल मिळाल्यावरच लावायचं ठरलं.

आमच्याकडे कौलाशिवाय काही होत नाही. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामंजी पाकीट घेऊन देवळात गेले, देवीच्या पायाशी ठेवलं. डावी पडली.

"डावा दिलान," गुरव म्हणाला.

"तू प्रश्नच चुकीचा विचारलास," मामंजी म्हणाले. "मुलानं जावं का, असं नाही. न जाण्यात काही हशील आहे का, असं विचार."

दुसऱ्या खेपेला दोन्ही कळ्या एकदम पडल्या.

"देवी म्हणत्ये, थांबा."

म्हणजे तिथेही पुढची तारीख पडली. मागाहून कळलं, आमच्या मुलाला कॉलेज मिळू नये म्हणून चुलतघरानेही त्याच गुरवाकडून कौल लावून घेतला होता. त्यांनाही देवीने थांबा म्हणूनच सांगितलं होतं.

पुढच्या तारखेआधी गुरव मेहुणीच्या लग्नाला आठ दिवस निघून गेला. मृग जवळ आलेला. आगबोटी बंद झाल्या की टपाल घाटावरून फिरून जायचं, आणि फॉर्म मुदतीत पोचायचा नाही. मुदत चुकली तर ह्यांना मामंजींच्या मावसभावाच्या लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून बसवायचं, हेही ठरलेलं होतं. शेवटची बोट परवावर आली.

"तुम्ही मामंजींना सांगा ना," मी म्हटलं.

हे सदरा सारखा करून पडवीत गेले आणि लगेच परत आले.

"काय म्हणाले?"

"विचारलं मी त्यांना."

"काय?"

"गुरांना पेंढा घातला का, म्हणून."

त्या दिवशी आमटी खरोखरच खारट झाली होती. ह्यांनी ती काही न बोलता खाल्ली. तेव्हा मला भीती वाटली.

देवघर पुसायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरं पाकीट उचललं. माहेरी पत्र पाठवायला ठेवलेलं तिकीट त्याला लावलं. मग डागाचं पाकीट काढलं. जाडी सारखी दिसायला आत काहीतरी हवं होतं. ट्रंकेत माझा चौथी पास झाल्याचा दाखला होता, तो घडी करून घातला. भाताच्या शितांनी पाकीट चिकटवलं. डागावर कुंकू जरा जास्तच लावलं आणि ते देवांपुढे ठेवलं.

टपालवाला आला. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. दारामागून नुसता हात पुढे केला.

"बोटीनंच जायला हवं ना, वहिनी?"

"हूं."

माझी वकिली एवढीच.

गुरव परतला. या वेळी उजवी कळी चिकटवल्याबरोबर पडली. मामंजींनी पाकीट स्वतः टपालात टाकलं. "बोट नसेना का! देवीनं धाडलंय, पोचेल."

चारच दिवसांत कॉलेजचं पत्र आलं, प्रवेश मिळाला म्हणून. मामंजी पडवीत येईल त्याला सांगत, "अहो, पत्र मुंबईला पोचायलाच चार दिवस लागतात, आणि देवीनं चार दिवसांत उत्तर आणवलं!" देवीची खणानारळाने ओटी भरली. ती मीच भरली.

हे मुंबईला गेल्यावर आणखी एक लांबट पाकीट आलं. माझ्या माहेरच्या नावाने.

"ही कोण हो?" टपालवाल्याने विचारलं. मी पुन्हा दारामागून हात पुढे केला. आत माझा दाखला होता आणि इंग्रजी पत्र. ते मला वाचता येईना. दिवाळीत हे आले, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

हे वाचू लागले. "'आपला अर्ज पोचला. मराठी चौथीचा दाखला प्रवेशास पुरेसा नाही. पदवी मिळाल्यावर पुन्हा अर्ज करावा.'" मग माझ्याकडे पाहिलं. "हे काय प्रकरण आहे?"

मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्याआधी कधी बोलले नव्हते. ह्यांनी एकही उलटप्रश्न विचारला नाही. पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

"बाबांना सांगू नकोस हं," एवढंच म्हणाले. आता हे वकीलही झाले, पण वडिलांना ते सांगायचं धाडस ह्यांना अजून झालेलं नाही.

फणस अजून कुजतो आहे. मामंजी अजून आल्यागेल्याला सांगतात, देवीने मुलाच्या अर्जाला उजवा दिला. मी मधे बोलत नाही. पण त्या दिवशी देवीच्या पायाशी माझा चौथीचा दाखला होता, आणि उजवी कळी त्यालाच पडली होती. कॉलेजला ते पटलं नाही, एवढंच.